हातभर अंतरावरचे चेहरे

पेपरात निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की लोक कपाटातून स्वेटर काढतात. मी मात्र आधी कॅलेंडरातले रविवार मोजतो. बागाईतदारांनी पहाटे द्राक्षांच्या बागांतून शेकोट्या पेटवायला सुरुवात केलेली असते. तिबेटी बायकांनी रस्त्याकडेला लोकरीचे कपडे मांडलेले असतात. तुळशीचं लग्न उरकलेलं असतं आणि आता माणसांची पाळी असते.

सातपूरला माझं चष्म्याचं दुकान आहे. या दिवसांत माझ्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं जास्त. एक, वर्षभर फळा दिसत नव्हता हे परीक्षा तोंडावर आल्यावर सांगणारी पोरं. दुसऱ्या, लग्नाला आलेल्या मुली. पोरांना चष्मा लावायचा असतो, मुलींना उतरवायचा असतो. इतकी वर्षं झाली, संवाद तोच.

‘काका, चष्मा नको. लेन्स दाखवा.’

‘नेहमीसाठी?’

मुलगी आईकडे बघते. आई म्हणते, ‘नाही हो, रविवारपुरत्या. कार्यक्रम आहे ना.’

कार्यक्रम म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम. एकदा वापरून टाकून द्यायच्या लेन्स मिळतात, त्या मी देतो. मी काही समाजसुधारक नाही, दुकानदार आहे. पण अलीकडे मायलेकी दुकानाची पायरी उतरल्या की मी स्टुलावर बसूनच राहतो. पाठ दुखते हे एक कारण. दुसरं कारण माझ्या घरी आहे आणि तिचं नाव मुक्ता.

मुक्ता माझी मुलगी. अठ्ठावीस वर्षांची. सातपूरच्याच एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. लोखंडावरचा केसाएवढा ओरखडा तिला दिसतो, चष्मा असला तर. चष्मा नसला तर समोर माणूस उभा आहे की खुंटीला कोट टांगलाय, इतपतच कळतं. नंबर उणे नऊ. लेन्स तिच्या डोळ्यांना सोसत नाहीत, डोळे लालभडक होऊन दोनदा डॉक्टरांकडे पळालो आहोत. ऑपरेशनलाही डॉक्टरांनी नको म्हटलं. म्हणजे चष्मेवाल्याच्या पोरीला चष्म्यावाचून गती नाही. रंग म्हणाल तर ज्याला लोक सावळा म्हणतात त्याच्याही पुढचा, आणि नाक माझ्या आईचं, रुंद आणि बसकं. माझ्या बायकोने, अलकाने, बायोडेटात ‘वर्ण निमगोरा’ असं लिहायला लावलं तेव्हा मुक्ता म्हणाली, ‘आई, ते फोटो बघणार नाहीत का?’

‘फोटोत उजेड कमी होता म्हणायचं,’ अलका म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात पहिला कार्यक्रम झाला. ओझरला, मुक्ताच्या मामाकडे. स्थळ त्यानेच आणलं होतं. चष्मा काढायचा हे मामा आणि अलका या बहीण-भावांनी परस्पर ठरवलं. ‘तासाभराचा तर प्रश्न,’ मामा म्हणाला. ‘पोहे द्यायचे, नमस्कार करायचा, बसायचं. त्यात तिला काय बघायचंय?’ बोलून काही होत नाही, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलेलं असतं. मुक्ताने चष्मा काढून माझ्या हातात दिला, मी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

ती ट्रे घेऊन आली ती पायाने सतरंजीची कड चाचपत. पोहे सांडले नाहीत. नमस्कारही बरोबर माणसांना झाले, कारण मामी मागून हळूच कोपराने दिशा देत होती. मग मुलाची आत्या म्हणाली, ‘तुला काही विचारायचं असेल तर विचार गं, आजकाल मुलीपण विचारतात.’ मुक्ताने घसा साफ केला आणि समोरच्या आकाशी शर्टाकडे बघून विचारलं, ‘तुम्हाला नाशिकमध्येच राहायचंय की बाहेर जायचा विचार आहे?’

आकाशी शर्टवाला म्हणाला, ‘मी तर नांदगावला असतो, ताई. मी मुलाचा मेहुणा.’

मुलगा शेजारी बसला होता. त्याचाही शर्ट आकाशीच होता.

सगळा हॉल हसला. मुक्ताही हसली. तिचं हसणं मला ओळखता येतं, ते हसणं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. त्या दिवशी परत येताना गाडीत तिने चष्मा लावला, बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि दहावा मैलचा फाटा ओलांडल्यावर म्हणाली, ‘बाबा, तो दिसायला कसा होता?’

मला सांगता येईना. तासभर मी तिच्याकडेच बघत होतो, कुठे अडखळते का म्हणून. जन्मभर लोकांचे चेहरे बघण्यावर ज्याचं पोट चाललं, त्याला तो एक चेहरा सांगता आला नाही. ‘बरा होता,’ मी म्हणालो. ती पुन्हा बाहेर बघायला लागली.

या हिवाळ्यात पुन्हा स्थळ आलं. या वेळी कार्यक्रम आमच्या घरी ठरला. अलकाने पडदे धुतले, सोफ्याची खोळ बदलली. चष्म्याबद्दल आठवडाभर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे ते ठरलेलंच होतं. आणि त्या आठवडाभर मला उठता बसता शारजाचा हिवाळा आठवत राहिला.

मुक्ता तेव्हा अलकाच्या पोटात होती. मी नाशिकला दुसऱ्याच्या दुकानात काम करत होतो. माझा एक चुलतभाऊ शारजाला चष्म्याच्याच दुकानात होता. तिथला फिटिंगचा माणूस गावी गेला आणि एका हिवाळ्यापुरता बदली माणूस हवा झाला. मार्गशीर्षात गेलो, होळीच्या सुमाराला परत आलो. माझा परदेश एवढाच. बाजारातल्या गल्लीत दुकान, दुकानाच्या वर राहायची खोली, खोलीत आम्ही पाच जण. समुद्र म्हणून आहे हे मला महिन्याने कळलं. पण त्या एका हिवाळ्यात जेवढी तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली तेवढी पुढच्यामागच्या आयुष्यात मिळून पाहिली नाहीत.

फिटिंगचं काम सोपं आहे. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, चष्मा चढवायचा, आणि काड्या कानामागे कशा बसतात, नाकाचे पॅड कुठे टेकतात हे बघायचं. मग उतरवायचा, काडी गरम करायची, वाकवायची, पुन्हा चढवायचा. हे सगळं हातभर अंतरावरून. माणसाचा चेहरा इतक्या जवळून आणि इतक्या निवांतपणे त्याची आई बघते, न्हावी बघतो आणि आम्ही बघतो. त्यात मुख्य म्हणजे त्या माणसाला त्या वेळी काहीच दिसत नसतं. चष्मा आमच्या हातात असतो. तो बिचारा डोळे मिचकावत, चेहरा आमच्या स्वाधीन करून बसलेला असतो.

तोवर चेहरा म्हणजे नाशिकचा चेहरा, एवढंच मला ठाऊक. त्या मापाने माझे हात तयार झालेले. पहिल्याच आठवड्यात फिलिपाइन्सची एक नर्स आली, ग्रेस नावाची. बुटकी, गोल चेहऱ्याची, हसली की डोळे मिटायचे. मी चष्मा बसवला, तो घसरला. काड्या आवळल्या, पुन्हा घसरला. दोन दिवसांनी ती परत आली, मी आणखी आवळल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या कानांमागे लाल वळ उठले होते आणि चष्मा तरीही ओठांपर्यंत आलेला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला समजावलं की तुमचं नाक बसकं आहे, चष्म्याला टेकायला जागाच नाही, मी तरी काय करणार.

तिला राग आला नाही. ती हसली, डोळे मिटले, आणि म्हणाली ते मला अजून आठवतं. म्हणाली, ‘हे नाक माझ्या आईचं आहे, आजीचं आहे, माझ्या पाचही भावंडांचं आहे. ते कुठे जाणार नाही. तुम्ही चष्म्याचं बघा.’

मागे केरळचे हमसाक्का उभे होते, दुकानातले सगळ्यांत जुने कारागीर; ‘इक्का’ म्हणजे त्यांच्याकडे दादा. त्यांनी खणातून उंच पॅडची एक जोडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी पॅड बदलले, चष्मा बसला. ग्रेसने मान जोरजोराने हलवून पाहिली आणि माझ्याशी हात मिळवून गेली. त्या दिवसानंतर मी चेहऱ्याला दोष द्यायचं सोडलं. नाक जसं असेल तसं. वाकायचं ते तारेने वाकायचं.

मग मला चेहऱ्यांची गोडीच लागली. सुदानचा एक ट्रकवाला यायचा, दोन्ही गालांवर तीन तीन उभ्या जुन्या खुणा, लहानपणी मुद्दाम पाडलेल्या, त्यांच्या लोकांची ओळख म्हणून. रंग इतका गडद की कानामागची काळी काडी दिसायचीच नाही, आणि हसला की आमच्या दुकानात दिवा लागल्यागत व्हायचं. एक पठाण म्हातारा होता, कुस्तीत एक कान चुरगळून गेलेला. त्याच्या चष्म्याची एक काडी मी बोटभर कमी वाकवायचो. इथिओपियाची एक बाई कुणाच्या तरी घरी कामाला होती. तिच्या कपाळावर क्रूस गोंदलेला, हनुवटीपासून गळ्यापर्यंत हिरव्या रेघा. एक सीरियन शिंपी लालबुंद, केसही लाल, पापण्याही लाल. ठिपक्याठिपक्यांचे हात. मी पहिल्यांदा त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की त्यानेच विचारलं, काही डाग आहे का चेहऱ्यावर?

आणि हे सगळे आरशासमोर एकच चेहरा करायचे. नवा चष्मा लावला की माणूस ओठ मिटतो, हनुवटी जराशी वर करतो, भुवया उचलतो. सुदानी, पठाण, फिलिपिनो, अरब, सगळे. आपण जरा बरे दिसत असू, एवढीच ती आशा असते.

माझी तर वेगळीच मजा झाली. आमच्या घराण्यात मी गोरा. लहानपणापासून ‘गोऱ्या’ हीच हाक. लग्नाच्या बाजारात त्या एका गुणावर मी तरून गेलो असं अलकाचं आजही मत आहे. तो गोरेपणा शारजाला कुणाच्या लक्षातच येईना. ट्रकवाला सुदानी मला आणि आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बिहारच्या रामदेवला एकच समजायचा. एकदा माझ्याकडे चष्मा टाकून गेला आणि तयार झाला का म्हणून रामदेवला विचारत बसला. रामदेव माझ्या दुप्पट काळा. आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून त्याला फरक दाखवला तर तो म्हणाला, ‘हो हो, दोघांनाही मिशी आहे.’ आयुष्यभर मिरवलेली गोष्ट अशी गेली, आणि खरं सांगतो, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

आता वय झालंय, म्हणून त्यातली दुसरी बाजूही दिसते. तिथे काही रामराज्य नव्हतं. कुणाला किती पगार, कोण कुठल्या दाराने आत येणार, हे पासपोर्टावर ठरत होतं, आणि पासपोर्ट बघायच्या आधी लोक चेहराच बघत होते. आणि मला जे सगळे चेहरे इतके आवडले त्याचं एक कारण साधं होतं. मला तिथे कुणाशी सोयरीक करायची नव्हती. ग्रेसचं नाक माझ्या घरात येणार नव्हतं, सुदानी माझा जावई होणार नव्हता. दुरून डोंगर साजरे. जे आपल्या ताटात येणार नाही त्याला नावं कशाला ठेवा? पण घरच्या पोरीच्या बाबतीत तीच नजर टिकते का, कस तिथेच लागतो. आणि तिथेच आपण दमतो.

शारजाहून आलो तेव्हा मात्र ती नजर ताजी होती. सीबीएसच्या एसटी स्टँडवर सकाळी उतरलो आणि बॅग पायाशी ठेवून नुसता उभा राहिलो. हे आपलं नाशिक मी कधी पाहिलंच नव्हतं. पेठ-सुरगाण्याच्या गाडीतून उतरणारी बारीक चणीची, चपळ, गालफडं वर आलेली माणसं. मालेगावच्या गाडीला उभा असलेला घाऱ्या डोळ्यांचा विणकर. रापलेले उंचेपुरे बागलाणकडचे शेतकरी, स्वेटर विकून परत निघालेली तिबेटी म्हातारी. सगळे चेहरे इथेच होते. फक्त आपण त्यांना वरखाली रांगेत लावून ठेवलं होतं, कोण उजळ, कोण काळा, कोण नाकीडोळी नीटस. शारजात मला ती रांग लावता आली नव्हती, कारण कुठून सुरू करायची तेच कळत नव्हतं.

तिथून थेट अलकाच्या माहेरी गेलो. मुक्ता सव्वा महिन्याची झाली होती. मोरीत पाटावर पाय लांब करून तेल लावणारी यमुनाबाई बसलेली, पायांवर ही एवढीशी काळीसावळी पोर. यमुनाबाई दोन बोटांत तेल घेऊन तिचं नाक ओढत होती. चिमटीत धरायचं, वर ओढायचं, पुन्हा धरायचं. पोर लाल होऊन रडत होती.

‘काय करताय?’ मी विचारलं.

‘नाक वर काढते, दादा. लय बसकं हाय. आत्ता हाडं कवळी हायेत, आत्ताच निघंल. पोरीची जात हाय, पुढं जाऊन नाय निघायचं.’

‘ओढू नका. राहू द्या.’

‘आहो, चष्मा घसरंल तिचा!’ यमुनाबाई हसत म्हणाली. चष्मेवाल्याची थट्टा करायची संधी कोण सोडणार?

‘नाही घसरणार. मी करीन ना तिला बसेल असा,’ मी म्हणालो. यमुनाबाईने बोटांवरचं तेल पोरीच्या पोटाला चोळलं आणि नाक सोडून दिलं. अलका आतून सगळं ऐकत होती. तिने नंतर महिनाभर मला ऐकवलं की बाहेरच्या देशात जाऊन आलात म्हणून घरातल्या पोरीचं नाक बिघडवू नका.

ती नजर किती दिवस टिकली? खरं सांगायचं तर फार नाही. दुकान टाकलं, मुक्ता शाळेत गेली, वर्गात कुणी तिला ‘काळी मैना’ म्हटलं तेव्हा मी शाळेत जाऊन भांडलो. पण नवरात्रात अलका तिच्या चेहऱ्याला बेसन-हळद लावायची तेव्हा शेजारी बसून पेपर वाचत राहिलो. माणूस रोज नव्याने बघू शकत नाही, थकतो. मग तो इतरांच्या डोळ्यांनी बघायला लागतो, ते सोपं असतं. बायोडेटातला ‘निमगोरा’ मी वाचला होता. मी तो खोडला नाही.

परवाच, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात, पेठकडची एक बाई दुकानात आली. बागेत द्राक्षांचे मणी विरळायला टोळी आली होती, त्यातली. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. मला एकदम ती इथिओपियाची बाई आठवली, दोघींना एका बाकावर बसवावं असं वाटलं.

‘जवळचं नाय दिसत, दादा,’ ती म्हणाली. ‘तोडायचा एक मणी, कातर पडती दुसऱ्यावं. मुकादम वरडतो.’

तिला चाळिशी दिली. घसरली. मी पॅड आत घेतले, काडी वाकवली, पुन्हा चढवली. तिने आरशात पाहिलं. ओठ मिटले, हनुवटी वर केली, भुवया उचलल्या. मग पदर तोंडावर घेऊन हसत सुटली, ‘आगं बाई, मास्तरीण झाली की मी!’

ती गेल्यावर मी आरशासमोर बसलो होतो. चुरगळलेला कान, गालावरच्या खुणा, लाल पापण्या, सगळे एकेक करून येऊन गेले. कुणाचाही चेहरा बदलायला मी गेलो नव्हतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच मुलीला मी चष्मा काढून बसवणार होतो.

रविवारी सकाळी मुक्ता बाटलीहिरवी साडी नेसून कपाटाच्या आरशाला नाक टेकवून टिकली लावत होती. चष्म्याशिवाय तिला तसंच बघावं लागतं.

‘चष्मा आण,’ मी म्हणालो.

‘आईने आत ठेवलाय.’

‘आण म्हटलं ना.’

तिला पलंगाच्या कडेवर बसवलं, खुर्ची ओढून समोर बसलो. तिचाच केस वाळवायचा ड्रायर घेतला, काड्यांची टोकं गरम केली. तिचा चष्मा कायम जरासा डावीकडे कललेला असतो. रोज डोळ्यांसमोर असून मी तो कधी सरळ केला नव्हता. सुताराच्या घरचा पाट लंगडाच असायचा. एका भुवईत लहानपणी पडल्याची खोच आहे. उजवा कान डाव्यापेक्षा किंचित वर आहे. आणि नाक. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. हातभर अंतरावर तिचंच नाक घेऊन मुक्ता माझ्या समोर, चेहरा माझ्या स्वाधीन करून, डोळे मिचकावत बसली होती. मी ड्रायर बंद केला.

‘काय झालं, बाबा?’

‘काही नाही. हलू नकोस.’

अलका दारात येऊन उभी राहिली. ‘हे काय चाललंय?’

‘फिटिंग.’

‘अहो, आज?’

‘आजच. गेल्या वेळी तिने मेहुण्याला प्रश्न विचारला. या वेळी सासऱ्याला विचारेल.’

मुक्ताला हसू फुटलं. अलकाला नाही फुटलं. ती आत आली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली. ‘तुम्हाला काय जातंय बोलायला,’ ती म्हणाली. ‘उद्या नाही म्हणाले की सगळे मला विचारणार. मी दमले हो आता. मला तिचं एकदा नीट झालेलं बघायचंय, बाकी काही नको.’

दमलो तर मीही होतो. मी चष्मा मुक्ताच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागे नेल्या, पॅड चिमटीत धरून अगदी थोडे आत घेतले. बसला. तिने मान हलवून पाहिली. अलका उठली आणि तिच्या खांद्यावरची पिन नीट करून पोहे बघायला गेली. ‘काढ’ म्हणाली नाही.

पाहुणे आले. सिन्नरचं कुटुंब, मुलगा अंबडला कंपनीत. आई, वडील, एक काका. ओझरचा मामा आधीच येऊन बसला होता आणि मुक्ता चष्मा लावून बाहेर आली तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं काही तरी चोरलंय. मुक्ताने पोह्यांची बशी मुलाच्या पुढे धरली. त्याने हात पुढे केला तो बशीच्या अलीकडेच थांबला. मग अंदाज घेत घेत त्याने कड पकडली.

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर खळगे. ते दुसऱ्या कशाचे नसतात. चष्मा उतरवून फार वेळ झालेला नव्हता, बहुधा आमच्या जिन्यातच उतरवला असावा. तो मुक्ताकडे बघून हसत होता आणि त्या हसण्याची दिशा तिच्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे जात होती.

‘तुमचा चष्मा कुठे आहे?’ मी विचारलं.

मुलाची आई म्हणाली, ‘नाही हो, त्याला तसा काही फार नंबर नाही…’

‘आईच्या पर्समध्ये आहे, काका,’ मुलगा म्हणाला.

बाईंनी पर्स उघडली. चेहरा उतरला होता त्यांचा. मला त्यांची दया आली. त्या दारात उभ्या असलेल्या अलकासारख्याच दिसत होत्या. रुमालात गुंडाळलेला चष्मा निघाला, एक काडी वाकडी. मी तो घेतला, तिथेच बसल्या बसल्या काडी सरळ केली आणि त्याच्यासमोर जाऊन त्याच्या चेहऱ्यावर बसवला. लांबट जबडा, गालावर जुने पुरळाचे खड्डे, कान जरा बाहेर आलेले. रंग मुक्तापेक्षा थोडा उजळ असेल किंवा नसेल, मला आता सांगता येणार नाही.

चष्मा लागल्यावर त्याने दोनदा डोळे मिचकावले आणि मुक्ताकडे पाहिलं. ती त्याच्याकडे केव्हाची बघत होती, अगदी कारखान्यातला माल तपासावा तशी, निवांत. त्याने ओठ मिटले, हनुवटी जराशी वर केली, भुवया उचलल्या. समोर आरसा नव्हता, तरी तोच चेहरा.

‘पोहे गार होतायत,’ मामा म्हणाला.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. येईल तो येईल. संध्याकाळी अलकाने सोफ्यावरची चांगली खोळ काढून घडी घातली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजले होते. ते चोळत तिने विचारलं, ‘कसा वाटला हो मुलगा? दिसायला?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून मुक्ताचा आवाज आला.

‘आई, त्यांना काय विचारतेस? मला विचार. मी पाहिलाय.’